पुण्यात घरी अल्ट्रालाइट विमान बनवायचंय? नळी कापण्याआधी फाईल उघडा

अमेरिकेतल्या एखाद्या आजोबांनी गॅरेजात ॲल्युमिनियमच्या नळ्या बोल्टने जोडून विमान बांधलं आणि रविवारी शेतातून उडवलं, असे व्हिडिओ पाहून बऱ्याच जणांचे हात शिवशिवतात. पण ते आजोबा तिथल्या 'भाग १०३' या नियमाखाली उडतात. १९८२ पासून तिथे एका आसनाचं, रिकामं वजन २५४ पौंडांपेक्षा (सुमारे ११५ किलो) कमी, टाकीत जास्तीत जास्त ५ गॅलन पेट्रोल आणि वेग ५५ नॉटपर्यंत (ताशी सुमारे १०० किमी), अशा विमानाला, म्हणजे अल्ट्रालाइटला, ना नोंदणी लागते ना पायलटचं लायसन्स.

आपल्याकडे ही सवलत नाही. तुमचं यंत्र कितीही हलकं असलं तरी माणूस घेऊन उडालं की कायद्याच्या लेखी ते विमानच. १९३४ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे आणि परवानगी देणारं कार्यालय म्हणजे डीजीसीए, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. नळ्यांचं, कापडी पंखांचं विमान साधारणपणे 'मायक्रोलाइट' या गटात बसतं: जास्तीत जास्त दोन माणसं आणि एकूण वजन ४५० किलोपर्यंत. एकूण म्हणजे पायलट, पेट्रोल, पाण्याची बाटली, सगळं धरून.

बांधणारा कोण, उडवणारा कोण

विमान भारतीय नागरिकाच्या किंवा भारतात नोंदलेल्या कंपनीच्या नावावर नोंदवता येतं. उडवण्याचं प्रकरण वेगळं. विद्यार्थी पायलट परवान्यासाठी वय किमान १६, खासगी परवान्यासाठी १७, शिक्षण दहावी पास. डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडून क्लास टू मेडिकल करून घ्यावं लागतं, आणि रेडिओवर बोलायचं तर त्याचा परवाना निराळा. हे सगळे अर्ज डीजीसीएच्या 'ईजीसीए' पोर्टलवर, फी 'भारतकोश' या सरकारी पेमेंट पोर्टलवर. दहावीचं मार्कशीट, आधार आणि पासपोर्ट यांवरचं नाव एकसारखं आहे का ते आजच बघा. 'कुलकर्णी'चं स्पेलिंग तीन कागदांवर तीन तऱ्हांनी असेल, तर विमानाआधी नावाची दुरुस्ती करत बसाल.

बांधणाऱ्यानेच उडवलं पाहिजे असं काही नाही. तुमच्याकडे लायसन्स नसेल, किंवा असूनही उड्डाणाचे तास मोजकेच असतील, तर पहिली उड्डाणं दुसऱ्या अनुभवी पायलटला करू द्या. अभिमान बाजूला ठेवायला जड जातं, पण नवखं विमान आणि नवखा पायलट ही जोडी वाईट.

फाईल बांधता बांधता वाढते

लोक चुकतात ते इथे. दोन वर्षं खपून विमान उभं करायचं, मग पेढे वाटून डीजीसीएकडे जायचं, असा बेत असतो. पण तयार पंखाच्या आत काय आहे ते तपासणाऱ्याला दिसत नाही. म्हणून आराखडा कागदावर आला की मुंबईच्या विभागीय कार्यालयाला पत्र लिहा आणि कोणत्या टप्प्यावर तपासणी हवी ते आधीच विचारून घ्या. तेव्हा बदल सांगितला तर खोडरबर लागतं, नंतर सांगितला तर करवत.

फाईलमध्ये पहिलं पान तीन बाजूंच्या रेखाचित्राचं. मग भाराची आकडेमोड, वजन आणि गुरुत्वमध्याचा तक्ता, इंजिनाचे कागद, वायरिंग आणि पेट्रोलच्या नळीचा आराखडा.

सामानाच्या पावत्या हा सर्वांत दुर्लक्षित भाग. विमानासाठी नळी सहसा ६०६१-टी६ या जातीच्या ॲल्युमिनियमची घेतात. स्लायडिंग खिडक्यांच्या दुकानात मिळतं ते सेक्शन बहुधा ६०६३, म्हणजे बरंच मऊ. हातात घेऊन फरक कळत नाही, रंगही तोच. म्हणून जीएसटी बिलाबरोबर नळी बनवणाऱ्या कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा बॅच नंबर नळीवर मार्करने लिहून फोटो काढा. दुकानदार 'साहेब, एक नंबर माल आहे' म्हणाला, तर ते वाक्य फाईलला लावता येत नाही.

तसंच जोडकामाचं. भोसरीत उत्तम वेल्डर मिळतील, पण टी६ नळीला वेल्ड मारलं की उष्णतेने शेजारच्या भागाची ताकद निम्म्याच्या आसपास उतरते. म्हणून हे सांगाडे पट्ट्या, रिव्हेट आणि बोल्ट लावून जोडतात. प्रत्येक जोडाचा फोटो, तारीख आणि कोणी तपासला त्याची सही रोजनिशीत असू द्या.

भाराची चाचणी मात्र बघण्यासारखी असते. उडताना हवा पंखांना वर ढकलते, म्हणून सांगाडा उलटा टांगून पंखांवर वाळूची पोती रचतात. समजा उडताना एकूण वजन २५० किलो आहे आणि वळताना किंवा हवेच्या धक्क्यात भार वाढतो म्हणून चौपट भार सोसायचा असं ठरवलंत. त्यावर सुरक्षेसाठी दीडपट धरले की १,५०० किलो होतात, म्हणजे ५० किलोची तीस पोती! पंखाच्या स्वतःच्या वजनाची वजाबाकी त्यात करायची असते. पोती कशीही टाकायची नाहीत, हवेचा दाब पंखावर जसा पसरतो तशी मांडायची. दर टप्प्याला टोक किती वाकलं ते मोजा, पोती उतरवल्यावर पंख मूळ जागी आला का तेही लिहा, आणि चाचणीला विमान अभियंत्याचा परवाना असलेल्या माणसाला बोलवा.

जमिनीवर इंजिन चालवणंही किरकोळ समजू नका. २०२१ साली यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत घरी बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना पातं तुटून तरुण कारागिराचा जीव गेला, तेव्हा यंत्र हवेतही नव्हतं.

नोंदणी, मग उडण्याची परवानगी

नोंदणीचा अर्ज सीए-२८ या नमुन्यात. सोबत मालकाची ओळख आणि पत्ता, मालकीचे पुरावे म्हणजे इंजिनापासून कापडापर्यंतची बिलं, इंजिन किंवा किट परदेशातून आलं असल्यास कस्टम्सचं बिल ऑफ एंट्री आणि विम्याचे कागद तयार ठेवा. मंजुरी मिळाली की 'व्हीटी' आणि पुढे तीन अक्षरं असा नंबर येतो. तो विमानावर रंगवायचा, शिवाय न जळणाऱ्या धातूच्या पट्टीवर कोरून आत बसवायचा.

नोंदणी झाली म्हणजे उडता येतं असं नाही. मुंबईचे पायलट अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. त्याला व्हीटी-एनएमडी हा नंबर मिळायला २०१७ उजाडलं, आणि चाचणीसाठी उडण्याची परवानगी आली २०१९ मध्ये. नळ्यांचं छोटं विमान त्यापेक्षा सोपं, तरी कॅलेंडर महिन्यांचं नको, वर्षांचं लावा. (गच्ची वापरणार असाल तर सोसायटीचं ना-हरकत पत्र लेखी घ्या. चेअरमन बदलतात.)

पुण्याचं आकाश

लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे, प्रवासी टर्मिनल त्याच्या आवारात. खडकवासल्याला एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी प्रबोधिनी. त्यामुळे शहराभोवतालच्या हवेवर लष्कराची नजर असते, आणि कोणत्याही उड्डाणाआधी हवाई संरक्षणाची मंजुरी, म्हणजे एडीसी नंबर, लागतो. व्हीआयपी दौऱ्याच्या वेळी पोलिसांचे मनाई आदेश निघतात, त्यांत ड्रोनबरोबर पॅराग्लायडर आणि मायक्रोलाइटही असतात. स्थानिक पोलीस ठाण्यात अर्जाची पोच घेऊन ठेवा.

मुळशीच्या माळावरून हळूच एक चक्कर, हा विचार सोडा. हडपसरचं ग्लायडिंग सेंटर सरकारी आहे, पण त्याला आता चहूबाजूंनी इमारतींनी वेढलंय. पहिल्या उड्डाणाला बारामतीसारखी मोकळी धावपट्टी बरी, अर्थात तिथल्या चालकांची लेखी परवानगी घेऊनच.

महिनाही बघून निवडा. लोहगावची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी पारा ४० अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण १,६०० मीटरहून उंचावर असल्यासारखं वाटतं: इंजिन मरगळतं, धाव लांबते. त्यामुळे परवानगीच्या अर्जात चाचणीची तारीख डिसेंबर-जानेवारीतली घाला, आणि वेळ सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या दोन तासांतली.