केळ्यावर न जगणारी माकडं

जांबोटीकडच्या एका घरात काजूच्या बागेत सापडलेली लाजवंती, म्हणजे लोरिस, माकडांचा रात्री फिरणारा दूरचा भाईबंद, पाटीखाली झाकून ठेवली होती. "माकडच न्हवं ते? घाल की केळं," काका म्हणाले. तिनं केळ्याकडं पाहिलंही नाही. फटीतून आत शिरलेला किडा मात्र पटकन पकडून खाल्ला.

काकांची चूक नवी नाही. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी ती कितीतरी वर्षं केली. ब्राझीलचं सोनेरी सिंह-तामरिन हे माकड जेमतेम 600 ग्रॅमचं. त्याला फळांवर ठेवत. पिंजऱ्यात ऊन नाही, खाण्यात प्रथिनं आणि 'ड3' जीवनसत्त्व नाही, मग हाडं ठिसूळ व्हायची. दुसरी चूक घरपणाची. या माकडांत जुळी पिल्लं बाप आणि थोरली भावंडं पाठीवर वागवतात. पिंजऱ्यात मात्र थोरल्यांना लवकर वेगळं काढत, आणि धाकट्यांना सांभाळायला न शिकलेली मादी पुढं स्वतःची पिल्लं टाकून द्यायची. हे उमगलं ते रोज पिंजऱ्यासमोर वही घेऊन बसणाऱ्या किपरांना, म्हणजे प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांना, आणि संशोधकांना.

1972 साली वॉशिंग्टनला या प्राण्यासाठी परिषद भरली, तेव्हा रानात 200च्या आसपासच उरली होती. तिथल्याच प्राणिसंग्रहालयातल्या शास्त्रज्ञ डेव्हरा क्लायमन यांनी प्रजननाची घडी बसवली आणि 1984 मध्ये ब्राझीलमधल्या पोसो दास आन्तासच्या राखीव रानात पहिली तुकडी सोडली. त्यातली बहुतेक मेली. पक्क्या दांड्यांवर वाढलेल्यांना हलत्या फांदीवरून चालताच येईना! मग किपरांनी दांड्या काढून दोर बांधले, खाणं लपवून ठेवायला सुरुवात केली. आज ती काही हजार आहेत.

आपल्याकडं त्याच 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला. लाजवंती त्याच्या पहिल्या, सर्वांत कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे. कन्नडमध्ये तिला काडुपाप म्हणतात, रानातलं लेकरू. तरी करणी-भानामतीसाठी तिला पकडतातच. 2022 मध्ये तमिळनाडूनं कडवूरला 11,806 हेक्टरचं लाजवंती अभयारण्य जाहीर केलं, देशातलं पहिलं.

बेळगावजवळच्या भुतरामहट्टीच्या प्राणिसंग्रहालयात रांग लागते ती सिंहापुढं, आणि किपर म्हणजे मांसाची बादली, असाच आपला समज. लाजवंतीच्या किपरचं हत्यार म्हणजे वजनकाटा. अडीचशे ग्रॅमच्या जिवात वीस ग्रॅम घटले तरी धोक्याची घंटा. रात्रीचं काम मंद लाल उजेडात, नाकतोड्यांचा डबा घेऊन.

पाटीखालची लाजवंती वनखात्याच्या माणसांनी त्याच रात्री बागेपलीकडं सोडली. केळं सकाळी काकांनीच खाल्लं.