सगळा खेळ ओलीचा: घरी सिगार वळण्यामागचं विज्ञान

पूर्ण वाळलेलं तंबाखूचं पान मुठीत आवळलं, तर त्याचा चुरा होतो. तेच पान रात्रभर दमट पिशवीत ठेवा. सकाळी ते बोटाभोवती गुंडाळता येतं, हलकेच ओढलं तर ताणलं जातं आणि मधली शीर एका ओढीत सोलून निघते. एवढ्या वेळात पानात फक्त थोडं पाणी शिरलेलं असतं.

अमेरिकेत आणि युरोपात घरी सिगार वळण्याचा छंद असलेली बरीच मंडळी आहेत. आंबवलेली अख्खी पानं वजनावर विकत आणायची, लाकडी फळी, धारदार पातं आणि चिमूटभर डिंक घ्यायचा आणि घरच्या टेबलावर सिगार वळायचा. ही बोटांची कला आहे असा नवशिक्यांचा समज असतो. बोटं लागतातच, पण माझ्या मते या छंदातलं खरं शिक्षण म्हणजे पानातली ओल ओळखणं. शेतापासून डब्यापर्यंत प्रत्येक टप्प्यावर पान बिघडतं किंवा जमतं ते ओलीमुळेच.

तंबाखू ही वांगं, टोमॅटो, मिरची यांच्याच कुळातली वनस्पती आहे. ताज्या हिरव्या पानाच्या वजनात ८० ते ९० टक्के पाणी असतं. क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रियो प्रांतात व्हुएल्ता आबाहो नावाचा भाग आहे. सिगारच्या तंबाखूसाठी तो जगात नावाजलेला आहे. तिथे खुडलेली पानं काठ्यांवर ओवून हवेशीर लाकडी कोठारांत टांगतात आणि दीड-दोन महिने सावकाश वाळू देतात. इतका वेळ द्यावा लागतो, कारण खुडल्यावरही पान काही दिवस जिवंतच असतं. त्याच्या पेशी श्वसन करत राहतात, साठवलेल्या पिठूळ पदार्थाची साखर करतात आणि तीही खर्चून टाकतात. हरितद्रव्य मोडतं आणि पान पिवळं पडतं. मग पॉलिफिनॉल नावाच्या संयुगांचं विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, मदतीने ऑक्सिडीकरण होऊन ते तपकिरी होतं. कापलेलं वांगं काळं पडतं तेही याच क्रियेमुळे.

या विकरांना काम करायला पाणी लागतं. हवा फार कोरडी असेल तर पान भराभर वाळतं, विकरं अर्ध्यावरच थांबतात आणि हिरवा रंग कायमचा राहतो. अशा पानाचा धूर कडवट आणि झोंबरा होतो. हवा फार दमट असेल तर पान सडतं. म्हणून क्युबातले शेतकरी हवा बघून कोठाराची दारं उघडतात आणि मिटतात. सिगारेटसाठी वापरल्या जाणाऱ्या व्हर्जिनिया तंबाखूची गोष्ट नेमकी उलटी आहे. ती भट्टीच्या उष्णतेवर आठवड्याभरात वाळवतात, त्यामुळे तिच्यातली साखर खर्च व्हायच्या आत अडकून राहते. साखरेच्या या फरकाचा धुरावर मोठा परिणाम होतो. त्याकडे पुढे येऊ.

वाळलेली पानं पुन्हा ओलसर करून त्यांचे मोठाले ढीग रचतात. ढिगाच्या पोटात जिवाणू आणि विकरं कामाला लागतात आणि तापमान आपोआप ४० ते ५० अंशांवर, कधी त्याहूनही वर चढतं. प्रथिनं मोडतात, अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, निकोटीनचं प्रमाण थोडं उतरतं. तापमान हद्दीबाहेर जाऊ नये म्हणून ढीग मोडून, आतली पानं बाहेर आणि बाहेरची आत घालून पुन्हा रचतात. घरी हे साधत नाही. दोन-तीन किलोच्या ढिगाचं पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठं, त्यामुळे आत तयार झालेली ऊब टिकतच नाही. हौशी लोक मग उष्णतारोधक पेटीत छोटा हीटर आणि पाण्याचं भांडं ठेवतात आणि ५० अंशांच्या आसपास, सुमारे ७० टक्के आर्द्रतेत पानं काही आठवडे मुरवतात. बहुतेक जण मात्र आंबवलेलंच पान विकत घेतात, आणि नवशिक्याने तेच करावं.

आंबवण्यामुळे चव मऊ होते हे खरं, पण याच टप्प्यावर आणखी एक रसायन तयार होतं. काही जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात. ते नायट्राइट निकोटीन आणि त्याच्या भाऊबंदांशी संयोग पावून नायट्रोसामाइनं बनवतं. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके या दोघांना आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. पान घरी मुरवलं, त्यात वरून काही मिसळलं नाही, म्हणून ते ‘शुद्ध’ आणि निर्धोक, असं या छंदातले काही लोक म्हणतात. रसायनशास्त्राला ते मान्य नाही.

आता प्रत्यक्ष वळणं. सिगारचे तीन भाग: आतलं भरण, ते बांधून ठेवणारं पान आणि वरचं देखणं वेष्टण. क्युबात त्यांना त्रिपा, कापोते आणि कापा म्हणतात. वेष्टणाचं पान पातळ, मोठं आणि बारीक शिरांचं लागतं. त्यासाठी झाडांवर कापडी मांडव घालतात. मांडवाखाली ऊन कमी आणि हवा दमट असल्यामुळे पान रुंद आणि पातळ वाढतं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात हा प्रयोग १९०० साली सुरू झाला आणि तिथली वेष्टणं आजही जगभर वापरली जातात. आपल्याकडे तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्ली आणि दिंडिगल भागाची चिरुटांबद्दल जुनी ख्याती आहे.

वळायच्या आदल्या रात्री पानांवर पाण्याचा बारीक फवारा मारून ती पिशवीत बंद करतात. पानाच्या पेशीभित्ती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि पेक्टिनच्या लांबलचक साखळ्यांच्या बनलेल्या असतात. कोरड्या पानात या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना घट्ट धरून असतात, म्हणून वाकवलं की पान मोडतं. पाण्याचे रेणू मध्ये शिरले की ते बंध सैल होतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि पान लवचीक होतं. जमिनीला पेरणीआधी वाफसा यावा लागतो, तसाच पानालाही यावा लागतो. फार ओलं चालत नाही, कोरडं तर नाहीच. अनुभवी माणूस पान कानाजवळ हलवून बघतो. कुरकुर आवाज आला तर अजून थांबायचं.

तिन्ही भागांना एकसारखी ओल नको असते, आणि नवशिक्याची गाडी बहुधा इथेच अडते. वेष्टण सर्वांत ओलसर हवं, कारण ते ताणून गुंडाळायचं असतं; वाळताना ते आकसून अंगाला घट्ट बसतं. भरण त्यामानाने कोरडं हवं. ओल्या भरणाची पानं फुगलेली असतात. वळताना सगळं भरीव वाटतं, पण सिगार पेटवल्यावर धूर येत नाही, कारण आतल्या वाटा बुजलेल्या असतात. हवेच्या वाटेचं गणित फार कठोर आहे. अरुंद नळीतून वाहणाऱ्या वायूचा ओघ नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. वाट निम्मी अरुंद झाली, की ओघ सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणून कसबी कारागीर भरणाची पानं एकावर एक रचून दाबत नाही. एकेक पान उभं दुमडून किंवा सैल गुंडाळून त्याची लांब पोकळी करतो आणि अशा पोकळ्या शेजारी शेजारी धरतो. पानांची टोकं पेटवायच्या बाजूला येतात. झाडाच्या शेंड्याकडची पानं जाड, निकोटीनने भरलेली आणि सावकाश जळणारी असतात. क्युबात त्यांना लिहेरो म्हणतात आणि ती मधोमध ठेवतात. बुंध्याकडची हलकी पानं, व्होलादो, चांगली जळतात म्हणून बाहेरच्या बाजूला. मग मूठ बंद करून बोटांनी चाचपायचं: कुठे गाठ लागते का, कुठे पोकळ वाटतं का.

बांधणीचं पान गुंडाळून झालं की ही वळी लाकडी साच्यात अर्धा-पाऊण तास दाबून ठेवतात. मग वेष्टण. अर्धगोल पात्याने, म्हणजे चावेताने, पानाचा अर्धा भाग लांबट कापून घ्यायचा. उठावदार शिरांची खालची बाजू आत ठेवायची आणि एका टोकापासून तिरकस वेढे देत जायचं. पानाच्या डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांत शिरांची दिशा उलट असते, त्यामुळे एक अर्धा डावीकडून तर दुसरा उजवीकडून गुंडाळावा लागतो. तसं केलं नाही तर शिरा आडव्या येतात आणि वेष्टण ओबडधोबड दिसतं. शेवटी पानाचा छोटा गोल तुकडा बिनचवीच्या वनस्पतिजन्य डिंकाने तोंडावर चिकटवायचा. या कामात हात गुंतलेले, पण कान मोकळे असतात. हवानाच्या कारखान्यांत कामगारांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या मोठ्याने वाचून दाखवायची प्रथा १८६५ पासून आहे. मला ही प्रथा फार मोलाची वाटते.

काही पानं कितीही छान वळली तरी नीट जळत नाहीत. याचं कारण मातीत असतं. पानातलं पोटॅशियम ज्वलनाला मदत करतं, तर क्लोराइड ते रोखतं आणि शिवाय हवेतली ओल पानात खेचतं. त्यामुळे सिगारच्या तंबाखूला पोटॅश द्यायचं तर ते क्लोराइडच्या रूपात न देता सल्फेटच्या रूपात देतात.

वळलेले सिगार साधारण ६५ ते ७० टक्के सापेक्ष आर्द्रतेत ठेवतात. आपल्या वातावरणात हे सोपं नाही: कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी येणार, विदर्भातल्या मे महिन्यात वेष्टण तडकणार. म्हणून घट्ट बसणारा डबा आणि आर्द्रतामापक लागतोच. स्वस्त मापकं बरीच चुकतात. ती तपासायची घरगुती पद्धत भौतिक रसायनाचा सुंदर नमुना आहे. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाका. मीठ भिजून लगदा झाला पाहिजे, पूर्ण विरघळता कामा नये. हे झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत शेजारी शेजारी ठेवा. खोलीचं तापमान २५ अंशांच्या आसपास असेल तर रात्रभरात पिशवीतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मापक ७१ दाखवत असेल तर तो ४ ने कमी दाखवतो, हे कळलं.

हे घडतं कसं? मिठाच्या संपृक्त द्रावणावरचा बाष्पदाब शुद्ध पाण्याच्या तीन चतुर्थांश असतो. हवेत ओल वाढली तर लगदा ती शोषतो आणि थोडं मीठ विरघळतं. हवा कोरडी झाली तर लगदा पाणी सोडतो आणि थोडं मीठ पुन्हा घट्ट होतं. न विरघळलेलं मीठ शिल्लक आहे तोवर द्रावणाची तीव्रता बदलत नाही, म्हणून आर्द्रताही बदलत नाही. मीठ चमचाभर घ्या की वाटीभर, उत्तर तेच. सिगारच्या डब्यात ठेवायच्या तयार आर्द्रता-पुड्यांतही हेच तत्त्व असतं, फक्त क्षार वेगळे.

डब्यातला दुसरा शत्रू म्हणजे तंबाखूचा भुंगेरा. आपल्या स्वयंपाकघरात हळद, धणे आणि मिरचीत पडतो तोच हा किडा. उबदार हवेत त्याची अंडी उबतात आणि अळ्या वेष्टणाला टाचणीएवढी भोकं पाडतात. त्यावर उपाय म्हणजे सिगार बंद पिशवीत घालून काही दिवस उणे १८ अंशांवर गोठवणं.

आता धुराकडे येऊ. साखर कमी आणि नायट्रोजनयुक्त संयुगं जास्त, यामुळे सिगारचा धूर बहुधा अल्कधर्मी असतो. सिगारेटचा धूर आम्लधर्मी असतो. सामू (pH, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) ६ च्या आसपास असेल तर निकोटीनचा जेमतेम एक टक्का मुक्त रूपात असतो. सामू ८ ला तो सुमारे निम्मा होतो. हे मुक्त निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतून थेट रक्तात जातं. ‘मी धूर आत घेत नाही’ हे म्हणणं त्यामुळे फारसं उपयोगाचं नाही. निकोटीन मिळतंच, आणि तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका धूर न ओढताही वाढतो. मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते. मला या पानाच्या रसायनाबद्दल जितकं कुतूहल आहे, तितकीच ही माहिती वाचकाला देणंही गरजेचं वाटतं. सिगार न ओढताही या कारागिरीचा अभ्यास करता येतो.

न ओढणाऱ्यालाही ओल मात्र सोडत नाही. निकोटीन पाण्यात विरघळतं आणि त्वचेतून शोषलं जातं. शेतात दवाने भिजलेली तंबाखू खुडणाऱ्या मजुरांना मळमळ, उलट्या, चक्कर असा त्रास होतो, तो यामुळेच. सिन्नर, सोलापूर, निपाणीकडे ओलावलेल्या तेंदूच्या पानात तंबाखू भरून दर हजारी मजुरीवर विड्या वळणाऱ्या बायका हे वर्षानुवर्षं उघड्या हातांनी करत आल्या आहेत. तंबाखू न खाणाऱ्या विडी कामगारांच्या लघवीतही कोटिनिन, म्हणजे शरीरात निकोटीनपासून बनणारा पदार्थ, आढळलेला आहे. हौशी माणसाला निदान पातळ नायट्राइल हातमोजे घालता येतात, खिडकी उघडी ठेवता येते, आणि फळीवरचा ओला चुरा लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा बांधून टाकता येतो.