वाइनमधील सल्फर डायऑक्साइडचा समतोल

वाइन टिकवण्यासाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड रसात एकाच रूपात राहत नाही. पाण्याशी संयोग होऊन त्याचे हायड्रोजन आयन आणि बायसल्फाइट आयन बनतात आणि हीच विक्रिया उलटही चालते. जंतू आवरतो तो मुख्यतः आयन न झालेला, म्हणजे आण्विक वायू. म्हणून नुसती मात्रा पाहून भागत नाही, समतोल कुठे आहे तेही पाहावे लागते.

समतोलात बदल केला की विक्रिया तो बदल कमी करणाऱ्या बाजूला सरकते, हे रसायनज्ञ ले शातेलिए यांचे तत्त्व. त्यानुसार आम्लता वाढली, म्हणजे हायड्रोजन आयन वाढले, की समतोल आण्विक वायूकडे सरकतो. सामू (pH; आम्लता वाढली की हा आकडा उतरतो) ३.२ असताना मुक्त, म्हणजे इतर पदार्थांशी न जोडलेल्या, सल्फर डायऑक्साइडपैकी सुमारे ४ टक्के आण्विक असतो, ३.५ ला २ टक्के, ३.८ ला जेमतेम १ टक्का. पांढऱ्या वाइनसाठी लिटरला ०.८ मिलिग्रॅम आण्विक वायू हवा असे धरले, तर मुक्त सल्फर डायऑक्साइड अनुक्रमे २०, ४० आणि ८० मिलिग्रॅमच्या आसपास ठेवावा लागतो.

नाशिक, दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात हा हिशेब फार महत्त्वाचा. मार्चकडे ऊन तापते तसे द्राक्षमण्यांतील मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते, पोटॅशियम वाढते आणि सामू चढतो. त्यामुळे उशिरा तोडलेल्या मालासाठी मागच्या टाकीचीच मात्रा वापरली तर संरक्षण अपुरे पडते. आधी टार्टारिक आम्लाने सामू खाली आणावा, पुन्हा मोजावा, मगच सल्फर (म्हणजे सल्फर डायऑक्साइड) घालावा. सामूमापी ०.१ ने चुकला तरी आण्विक अंश २० ते २५ टक्क्यांनी चुकतो.

तो घालण्यासाठी वापरायच्या पोटॅशियम मेटाबायसल्फाइटच्या पुडीतून वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. १,००० लिटरच्या टाकीत लिटरमागे २० मिलिग्रॅम वाढवायचे तर सुमारे ३५ ग्रॅम पूड लागते. मात्र घातलेले सगळे मुक्त राहत नाही. ॲसिटाल्डिहाइड बायसल्फाइटला घट्ट धरून ठेवतो, ग्लुकोज सैलसर. लाल वाइनमधील अँथोसायनिन हे रंगद्रव्यही त्याच्याशी जोडले जाऊन फिके पडते. मुक्त सल्फर घटला की ही जोडणी सुटते आणि रंग परततो, तेव्हा रंग गेला म्हणून घाबरू नये.

मुक्त सल्फर मोजण्यासाठी आयोडीनचे अनुमापन करतात, म्हणजे आयोडीनचे द्रावण थेंबाथेंबाने घालून किती लागले ते पाहतात. त्यात खरी अडचण इथेच येते. आयोडीन मुक्त भाग खाऊन टाकतो, तशी सैल बांधलेली संयुगे सुटून नवा मुक्त भाग पुरवतात. हात सावकाश चालवला तर आकडा खऱ्याहून जास्त येतो, लाल वाइनमध्ये विशेष. नमुना थंड ठेवून अनुमापन झटपट उरकावे. तापमान वाढले की बद्ध सल्फर सुटतो आणि आण्विक अंशही वाढतो. गरम टाकीचे झाकण उघडताच नाकाला झिणझिण्या येतात त्या यामुळेच. त्या वासावरून मात्रा पुरेशी आहे असे मात्र ठरवू नये.