घरी बॅटरी बँक जोडताना : वायर, फ्यूज आणि हवा

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आदळलं आणि दक्षिण रायगड, मंडणगड, दापोलीकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. तेव्हापासून दोन-चार बॅटऱ्या एकत्र जोडून घरीच बँक उभी करणारे ग्राहक आमच्या दुकानात वाढले. हे काम घरी जमतं आणि नीट केलं तर वर्षानुवर्षं त्रास देत नाही. पण "बारा व्होल्ट तर आहे, काय होतंय?" असं म्हणून जोडलेली बँक पाहिली की आम्हाला काळजी वाटते. म्हणून हे पत्रक.

धोका अँपिअरचा

बारा व्होल्टच्या टर्मिनलला हात लागून झटका बसत नाही, हे खरं. पण १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची साठवण) ट्यूब्युलर बॅटरीची, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला लावतात त्या पाण्याच्या बॅटरीची, दोन्ही टर्मिनलं चुकून पान्याने जोडली गेली, तर त्या पान्यातून हजाराहून जास्त अँपिअर धावतात. पाना तापून लाल होतो, टर्मिनलचं शिसं वितळून उडतं, जवळ गॅस साठलेला असेल तर बॅटरीच फुटते. तेव्हा कामाला बसण्याआधी अंगठी, घड्याळ, बांगड्या, मंगळसूत्र, साखळी काढून ठेवा. पान्याच्या दांड्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळा. डोळ्यांवर गॉगल हवाच.

रोजच्या वापरातही करंट मोठाच असतो. १००० वॅटचा लोड १२ व्होल्टच्या इन्व्हर्टरवर चालवला, की त्यातली घट धरून बॅटरीतून सुमारे १०० अँपिअर ओढले जातात. घराच्या वायरिंगमधून उरलेली ६ स्क्वेअर एमएमची वायर बॅटरीला लावलेली आम्ही पुष्कळदा पाहतो. दोन मीटर जायची, दोन मीटर यायची, अशी चार मीटर वायर धरली तर एक व्होल्टाहून जास्त दाब वायरीतच पडतो आणि ११५ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. म्हणजे जुना शंभराचा बल्ब वायरीच्या आवरणात अखंड जळत ठेवल्यासारखं. आवरण मऊ पडतं, इन्व्हर्टरला दाब कमी मिळून तो लवकर बंद होतो आणि ग्राहक सांगतात, "बॅटरी बसली." बॅटरी चांगली असते, वायर बारीक असते.

एवढ्या लोडला ३५ स्क्वेअर एमएमची, बारीक तारांची लवचिक तांब्याची केबल घ्या आणि इन्व्हर्टर बॅटरीपासून मीटरभराच्या आत ठेवा. लोड याहून मोठा असेल तर केबल जाड करत बसू नका, २४ किंवा ४८ व्होल्टची सिस्टिम करा. २४ ला करंट निम्मा होतो आणि त्याच वायरीत वाया जाणारी वीज पावपट.

केबलच्या टोकाला कल्हई केलेला तांब्याचा लग (टर्मिनलवर आवळायचं भोकाचं टोक) हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या. हातोडीने चेपलेला लग वरून घट्ट दिसतो, आत तारा सैलच राहतात. प्रेस नसेल तर केबल आमच्याकडे आणा, दाबून देऊ. समुद्राकाठच्या हवेत टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर लवकर धरतो. आधी जोड कोरडा, स्वच्छ करून आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. पहिल्या दिवशी अर्धा तास लोड चालवून लगाजवळ केबलच्या आवरणावर हात ठेवून पाहा. चटका लागला तर लोड बंद करून तो जोड पुन्हा करायचा.

फ्यूज बॅटरीला खेटून

या पत्रकातलं एकच ऐकायचं ठरवलंत, तर हे ऐका. फ्यूज पॉझिटिव्ह टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत बसवा. इन्व्हर्टरच्या आतल्या फ्यूजवर अवलंबून राहू नका. मधली केबल उंदराने कुरतडली, खिळ्यावर घासली, तर शॉर्ट तिथेच होतो आणि त्याला अडवायला वाटेत काहीच नसतं. फ्यूज केबलच्या बचावासाठी असतो, म्हणून त्याचा आकडा केबलला सोसेल त्याच्या आत हवा. वरच्या उदाहरणात १२५ अँपिअरचा, डीसीसाठी (बॅटरीच्या एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटसाठी) बनवलेला फ्यूज चालेल.

घरातला साधा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला स्विच) इथे लावू नका. घरच्या विजेचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे एमसीबी उघडताना पडलेली ठिणगी विझते. बॅटरीचा करंट शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहू शकते आणि एमसीबीचा डबा पेटू शकतो. बॅटऱ्या पॅरलल (पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह, निगेटिव्हला निगेटिव्ह जोडलेल्या) असतील तर प्रत्येक बॅटरीला वेगळा फ्यूज द्या, कारण एकीत बिघाड झाला की बाकीच्या सगळ्या तिच्यात करंट ओततात. जोडणी करताना फ्यूज काढलेला असू द्या. पोलॅरिटी, म्हणजे कुठलं टोक पॉझिटिव्ह आणि कुठलं निगेटिव्ह, मीटरने दोनदा तपासा आणि मगच बसवा.

सिरीजमध्ये (एकीचा पॉझिटिव्ह दुसरीच्या निगेटिव्हला) असो वा पॅरललमध्ये, बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. जुनीच्या जोडीला नवी लावली की नवीही लवकर जाते. पॅरललमध्ये इन्व्हर्टरचा पॉझिटिव्ह पहिल्या बॅटरीवरून आणि निगेटिव्ह शेवटच्या बॅटरीवरून घ्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतले तर ती एकटी राबते.

जागा आणि पाणी

चार्ज होताना ट्यूब्युलर बॅटरी हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्के झालं की एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. हा गॅस हलका, वर छताशी साठतो, त्यामुळे खोलीला वरच्या बाजूला झरोका हवा. बंद कपाट नको, झोपायची खोली नको. देवघराच्या खालच्या कप्प्यात ठेवलेली बॅटरी तर लगेच हलवा, वर रोज निरांजन आणि उदबत्ती लागते.

पाणी फक्त डिस्टिल्ड. आरओचं, पावसाचं, एसीच्या नळीतून येणारं चालत नाही. अ‍ॅसिड कधीही घालू नका, कमी होतं ते पाणीच. सांडलेल्या अ‍ॅसिडवर खायचा सोडा टाका. डोळ्यात गेलं तर निदान पंधरा-वीस मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरांकडे जा.

इन्व्हर्टर ते घर

इथून पुढे २३० व्होल्ट आहेत, हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. दोन्ही टोकांना पिन असलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घर चालू करणं आम्ही वादळानंतर पाहिलं आहे. तसं केलं की वीज उलटी लाइनीत जाते, आणि खांबावर चढलेल्या वायरमनला लाइन बंद असल्याची खात्री असते. त्याचा जीव जाऊ शकतो. चेंजओव्हर (घर एका वेळी लाइनीवर किंवा इन्व्हर्टरवरच ठेवणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) आणि इन्व्हर्टरच्या बॉडीला अर्थिंग, यांत काटकसर नको.

लिथियमबद्दल

एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) सेल चांगले आहेत. प्रत्येक सेल ३.६५ व्होल्टच्या वर आणि २.५ च्या खाली जाऊ न देणारा बीएमएस (सेलवर नजर ठेवणारं सर्किट) हवा, आणि चार्जरही लिथियमच्या सेटिंगचा. शॉर्ट झाल्यावर त्यांचा करंट लेड-अ‍ॅसिडपेक्षा कितीतरी मोठा असतो, त्यामुळे फ्यूजही तेवढा करंट तोडू शकणारा लागतो. स्कूटर किंवा लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेल्या सेलची बँक मात्र आम्ही बनवत नाही, त्यासाठी सामानही देत नाही. आतून बिघडलेला एक सेल तापला की शेजारचे पेटवत जातो, आणि ती आग घरात आवरत नाही.

जुनी बॅटरी अ‍ॅसिड ओतून भंगारात देऊ नका. त्यातलं शिसं विहिरीच्या पाण्यात उतरतं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती विक्रेत्याकडे किंवा नोंदणीकृत केंद्रावरच जायला हवी, आम्ही वजनावर पैसे देऊन परत घेतो. आणि नवी बँक जोडताना फ्यूज बसवण्याआधी जोडणीचे फोटो आणि लोडची यादी घेऊन दुकानात या. पाहून सांगायचे पैसे घेत नाही.