निळ्या बाळाच्या हृदयातला फुगा

कॅथेटर म्हटलं की रत्नागिरी-सिंधुदुर्गात वडीलधाऱ्यांची अँजिओग्राफीच आठवते. तशीच नळी दोन दिवसांच्या बाळाच्या हृदयातही घालतात, हे बहुतेकांना कळतं ते घरातलं बाळ निळं पडल्यावर. तेव्हा समजून घ्यायला उसंत नसते, म्हणून ही हकिकत आधीच सांगतोय.

बाळ निळं पडण्यामागे ट्रान्सपोझिशन हा जन्मजात हृदयदोष असू शकतो. त्यात हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असते. अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे न जाता पुन्हा शरीरात फिरतं, शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसातच जातं. लंडनचे डॉक्टर मॅथ्यू बेली यांनी १७९७ मध्येच याचं वर्णन केलं होतं, पण इलाज नव्हता. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मतः असलेली फट, तेवढाच बाळाचा आधार. उपचाराविना दहांतली नऊ मुलं वर्षाच्या आत जात. १९५० मध्ये ब्लॅलॉक आणि हॅनलन यांनी पडदा कापून वाट करायची शस्त्रक्रिया मांडली, पण त्यासाठी तान्ह्या बाळाची छाती उघडावी लागे.

नळीची गोष्ट निराळी. १९२९ मध्ये जर्मनीच्या वेर्नर फोर्समान यांनी स्वतःच्याच हाताच्या शिरेतून ती हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्सरे काढून घेतला. पुढची कित्येक वर्षं नळी मुख्यतः बघण्यापुरती होती : दाब मोजा, कप्प्याकप्प्यातलं रक्त तपासा, डाय सोडा. १९६६ मध्ये फिलाडेल्फियात विल्यम रॅशकिंड यांनी तिच्या टोकाला फुगा लावला. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या कप्प्यात, तिथून फटीतून डाव्या कप्प्यात. तिथे फुगा द्रवाने फुगवायचा आणि एका हिसक्यात मागे ओढायचा. पातळ पडदा फाटतो, रक्त मिसळतं, छातीवर टाका न घालता बाळाचा रंग पालटतो. नळीने बघायचं सोडून बरं करायला घेतलं ते इथून, असं मला वाटतं.

१९७५ मध्ये ब्राझीलचे सर्जन जाटेने यांनी अदलाबदल झालेल्या रक्तवाहिन्याच आपापल्या योग्य जागी बसवून दाखवल्या. आता निदान टूडी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) होतं, फुगाही अनेक ठिकाणी इको बघत खाटेवरच ओढतात. ऑपरेशन मात्र पहिल्या काही आठवड्यांतच व्हावं लागतं, कारण फुप्फुसाकडे कमी दाबाने रक्त ढकलणारा खालचा डावा कप्पा दुबळा होत जातो.

आणि सावंतवाडीहून मुंबई सुमारे पाचशे किलोमीटर. निघण्याआधी प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप लावलं तर जन्मावेळची आणखी एक वाट उघडी राहते. पण त्या औषधाने श्वास थांबू शकतो, म्हणून गाडीत श्वास सांभाळणारं माणूस हवंच.

फसगत होते ती आधी. बाळ वजनाने चांगलं, रडतंही खणखणीत, स्टेथोस्कोपला हृदयाचा जादा आवाज (मर्मर) बरेचदा नसतोच. ऑक्सिजन लावूनही निळेपणा हटत नाही, ही खूण. घरी सोडण्यापूर्वी उजव्या हाताला आणि पायाला ऑक्सिजन मोजणारा तो लाल दिव्याचा चिमटा (पल्स ऑक्सिमीटर) लावून घ्यावा. ऑक्सिजनचा आकडा ९० टक्क्यांच्या खाली दिसला तर त्याच दिवशी इको.