स्क्रीन फॉरमॅट बदलणारी साधने (जुनी पेंट सॉफ्टवेअर)

१९८० आणि १९९० च्या दशकांतील संगणकांवर चित्रे काढण्यासाठी जी पेंट सॉफ्टवेअर वापरली जात, त्यांच्या पडद्याची रुंदी, उंची, रंगसंख्या आणि पिक्सेलचा आकार ठरवणारी किंवा बदलणारी सोय. काही प्रोग्रॅममध्ये ती आतच असे आणि सुरुवातीलाच ‘कोणत्या पडद्यावर काम करायचे?’ असे विचारी. इतर ठिकाणी ती वेगळी छोटी युटिलिटी असे. ती आधी चालवायची आणि मग चित्रकाम सुरू करायचे. आज नव्या चित्राची रुंदी-उंची दोन चौकटींत टाइप केली की काम होते. त्या काळी मात्र चित्र, पडदा आणि व्हिडिओ मेमरी या तिन्ही गोष्टी एकमेकींना इतक्या घट्ट बांधलेल्या होत्या की एकीचे माप बदलले की उरलेल्या दोन्ही हलत. ही गाठ सोडवणे हेच या साधनांचे खरे काम होते.

ठरलेले पडदे

सुरुवातीच्या घरगुती संगणकांवर निवडीला फारसा वाव नव्हता. झेडएक्स स्पेक्ट्रमचा पडदा २५६×१९२ पिक्सेलचा. त्याचे चित्र नेहमी ६,९१२ बाइटचे: ६,१४४ बाइट पिक्सेलांचे आणि ७६८ रंगांचे. कमोडोर ६४ वरील कोआला पेंटरचे चित्र १६०×२०० चे आणि फाइल १०,००३ बाइटची. अटारी एसटीवर तीन मोड (पडद्याच्या ठरीव मांडण्या) होते: १६ रंगांत ३२०×२००, ४ रंगांत ६४०×२०० आणि कृष्णधवल ६४०×४००. तिन्हींना बरोबर ३२,००० बाइट लागत. टॉम हडसन यांच्या डीगॅस (१९८५) या प्रोग्रॅमच्या साध्या फाइलमध्ये मोडचा क्रमांक, पॅलेट (रंगांची यादी) आणि हे ३२,००० बाइट एवढेच असते. रुंदी-उंची नोंदवायला त्यात जागाच नाही, कारण ती वेगळी असू शकेल हा विचारच त्या रचनेत नव्हता.

बिल अ‍ॅटकिन्सन यांचा मॅकपेंट (१९८४) थोडा पुढे गेला. मॅकिन्टॉशचा पडदा ५१२×३४२ पिक्सेलचा असूनही मॅकपेंटचे पान ५७६×७२० चे होते. इंचाला ७२ पिक्सेल या हिशेबाने ते ८×१० इंच भरते, म्हणजे छापील कागदाचे माप. चित्र पडद्याहून मोठे असू शकते हे यातून दिसले. पण तेही माप एकच आणि कायमचे होते.

डिलक्स पेंट आणि अमिगा

डॅन सिल्व्हा यांनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्ससाठी लिहिलेला डिलक्स पेंट १९८५ साली कमोडोर अमिगावर आला आणि स्क्रीन फॉरमॅटची निवड चित्रकाराच्या रोजच्या कामाचा भाग झाली. एनटीएससी या अमेरिकी टीव्ही पद्धतीच्या यंत्रांवर ३२०×२००, ६४०×२०० आणि इंटरलेस (एकाआड एक ओळी दोन फेऱ्यांत दाखवणे) लावून ३२०×४००, ६४०×४०० असे पर्याय होते. पाल या युरोपीय टीव्ही पद्धतीच्या यंत्रांवर २०० च्या जागी २५६ आणि ४०० च्या जागी ५१२ ओळी मिळत. ३२० रुंदीला ३२ रंग मिळत, ६४० ला फक्त १६. बारीक तपशील हवा तर रंग सोडायचे, रंग हवे तर तपशील सोडायचा. रेघ ओढण्याआधीच हा सौदा करावा लागे, आणि त्या चित्रांचे रूप त्यातून किती घडले हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

अमिगाच्या हार्डवेअरमुळे हे स्वातंत्र्य शक्य झाले. पडद्यावरची दृश्य चौकट कुठे सुरू होते आणि कुठे संपते, एका ओळीसाठी मेमरीतून किती शब्द (दोन-दोन बाइटचे गट) उचलायचे आणि ओळ संपल्यावर किती बाइट ओलांडून पुढे जायचे, या प्रत्येकासाठी वेगळी रजिस्टर (चिपमधली आकडे ठेवण्याची जागा) होती. शेवटच्या सोयीमुळे मेमरीतले चित्र पडद्याहून रुंद ठेवता येई आणि बाणांच्या कळांनी त्यावर सरकता येई.

हीच समज फाइलमध्येही उतरली. इलेक्ट्रॉनिक आर्ट्सनेच १९८५ साली आयएफएफ हे फाइलींच्या रचनेचे मानक मांडले. त्यातील आयएलबीएम प्रकारच्या चित्रफाइलमध्ये २० बाइटचे हेडर (चित्राविषयीची माहिती देणारा भाग) असते. त्यात चित्राची रुंदी-उंची, चित्राची जागा, पानाची रुंदी-उंची आणि पिक्सेलच्या बाजूंचे गुणोत्तर हे सगळे स्वतंत्रपणे लिहिलेले असते. शिवाय कॅमजी नावाच्या चार बाइटच्या तुकड्यात स्क्रीन मोड असतो. डीगॅसची फाइल आणि ही फाइल एकाच काळातल्या आहेत, पण चित्र म्हणजे पडदा नव्हे हे दुसरीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

ओव्हरस्कॅन

त्या काळच्या टीव्हीच्या काचेच्या कडा कुठे येतील याचा भरवसा नसे, म्हणून संगणक चित्राभोवती रिकामी किनार सोडत. खेळाला किंवा हिशेबाला ती चाले, व्हिडिओवर नावे टाकणाऱ्याला चालत नसे. त्याला रंग काचेच्या कडेपलीकडे न्यावा लागे. त्यासाठी ३२०×२०० ऐवजी ३५२×२४०, किंवा ६४०×४०० ऐवजी ७०४×४८० असा वाढीव पडदा घेत. यालाच ओव्हरस्कॅन म्हणतात.

वाढीव पडदा फुकट मिळत नसे. ७०४×४८० चे १६ रंगी चित्र १,६८,९६० बाइट घेते. डिलक्स पेंटमध्ये ‘J’ या कळीने चटकन समोर येणारे दुसरे, राखीव पान उघडले की हा आकडा ३,३७,९२० होतो, आणि साध्या अमिगा ५०० मध्ये चित्रांसाठीची मेमरी सगळी मिळून ५१२ किलोबाइट होती. शिवाय पडदा डावीकडे वाढवला की ओळीतले पिक्सेल लवकर उचलावे लागत आणि स्प्राइटसाठी (चित्रावर स्वतंत्रपणे फिरणाऱ्या छोट्या आकृतींसाठी) राखलेल्या वेळेवर अतिक्रमण होई. त्यात शेवटच्या क्रमांकांचे स्प्राइट आधी बळी जात. माऊसचा बाण पहिल्याच स्प्राइटवर असल्याने वाचत असे.

बाहेरून बदल करणाऱ्या युटिलिटी

ज्या प्रोग्रॅममध्ये हवे ते माप मिळत नसे त्यांच्यासाठी बाहेरची मदत लागे. अमेरिकेत लिहिलेला प्रोग्रॅम २०० ओळींचा पडदा मागे, आणि पाल यंत्रावर खालच्या ५६ ओळी काळ्या राहत. यावरचा एक उपाय असा: युटिलिटी पार्श्वभूमीत बसते आणि पडदा उघडण्याची विनंती ऑपरेटिंग सिस्टीमकडे जाण्याआधी अडवते. ती त्यातील उंची किंवा मोड बदलते आणि विनंती पुढे सोडते. प्रोग्रॅमला काहीच कळत नाही. अमिगाच्या सिस्टीममध्ये लायब्ररीतल्या फंक्शनचा पत्ता बदलण्याची अधिकृत सोय होती, त्यामुळे हे सुटसुटीतपणे जमे.

अर्थात, प्रोग्रॅमने मिळालेला पडदा मोजून घेतला तरच हे यशस्वी होई. ३२० पिक्सेलची ओळ प्रत्येक बिटप्लेनमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा एकेक बिट साठवणाऱ्या थरात) ४० बाइटची असते, ३५२ ची ४४ बाइटची. प्रोग्रॅमने ४० हा आकडा कोडमध्येच कोरला असेल आणि पडदा ४४ चा मिळाला, तर प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा ३२ पिक्सेल डावीकडे सरकते आणि उभी रेघ तिरकी उतरते. उंची वाढवणे म्हणूनच सोपे आणि रुंदी वाढवणे धोक्याचे.

डॉस चालवणाऱ्या पीसींवर वाट वेगळी होती. व्हीजीए या तिथल्या ग्राफिक्स कार्डाचा २५६ रंगी ठरावीक मोड ३२०×२०० चा, म्हणजे ६४,००० बाइटचा, आणि तो ६४ किलोबाइटच्या एका खिडकीत मावतो. ३२०×२४० ला ७६,८०० बाइट लागतात. ते त्या खिडकीत मावत नाहीत, म्हणून व्हिडिओ मेमरीची मांडणी चार थरांत उलगडून थेट रजिस्टरांत आकडे लिहावे लागत. मायकेल अ‍ॅब्रॅश यांनी १९९१ साली या मोडविषयी लिहिले आणि ‘मोड एक्स’ हे नाव रूढ झाले. कार्डावरच्या, पिक्सेलांचा वेग ठरवणाऱ्या दोन घड्याळांपैकी २५.१७५ मेगाहर्ट्झचे ३२० रुंदी देते आणि २८.३२२ चे ३६०. त्यामुळे ३६०×४८० पर्यंत जाता येई. कार्डाची २५६ किलोबाइट मेमरी त्याला पुरते. पण माऊसच्या ड्रायव्हरला हे नवे माप माहीत नसे. त्याची हालचालीची मर्यादा वेगळी सांगितली नाही तर बाण पडद्याच्या एका भागातच अडकून राही, आणि बाण रंगवण्याचे कामही प्रोग्रॅमलाच करावे लागे. चुकीचे टायमिंग दिल्यास जुना मॉनिटर खराब होण्याचीही भीती असे.

पिक्सेलचा आकार

माप बदलताना सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याकडे. व्हीजीएचे ३२०×२०० चित्र ४:३ च्या काचेवर पसरले की प्रत्येक पिक्सेल रुंदीच्या १.२ पट उंच होतो. ३२०×२४० मध्ये तो चौरस असतो. पहिल्या मोडमध्ये काढलेला गोल चेहरा दुसऱ्यात आडवा फुगलेला दिसतो. डिलक्स पेंटमध्ये ‘बी स्क्वेअर’ हा पर्याय होता. तो लावला की पिक्सेल चौरस नसला तरी वर्तुळ डोळ्यांना गोल दिसे. हाताने ओढलेल्या रेघेला मात्र असा आधार नाही, तिथे चित्रकाराची नजरच लागते.

जुन्या चित्रकारी प्रोग्रॅमच्या परंपरेतला ग्राफएक्स२ हा मुक्त प्रोग्रॅम चित्राचे माप, पडद्याचे माप आणि पिक्सेलचा आकार या तीन गोष्टी आजही वेगवेगळ्या निवडू देतो. उभे आणि आडवे पिक्सेल त्यात मुद्दाम ठेवलेले आहेत. डॉसबॉक्ससारख्या इम्युलेटरमध्ये गुणोत्तर दुरुस्त करण्याची सोय असते. तिने २०० ओळी २४० इतक्या उंचीत ताणल्या जातात. जुनी चित्रे जपून ठेवताना हे ताणणे फक्त दाखवण्यापुरते ठेवावे आणि मूळ फाइल हेडरसकट तशीच राखावी. सहा बिटप्लेनच्या अमिगा चित्राचा कॅमजी तुकडा हरवला, तर ते ६४ रंगांचे हाफब्राइट आहे की ४,०९६ रंगांचे हॅम (हे दोन्ही अमिगाचे मोड), हे पिक्सेलांवरून अंदाजानेच ठरवावे लागते.