270 नाही मिळाले तर जास्त मतंवाला जिंकतो? नाही!

अमेरिकेची निवडणूक आली की हे फॉरवर्ड हमखास फिरतं की कोणालाच 270 इलेक्टोरल मतं (म्हणजे राज्यांना वाटून दिलेली मतं, प्रेसिडेंट यांवरच ठरतो) मिळाली नाहीत तर देशभरात ज्याला जास्त मतं पडली तो प्रेसिडेंट. अहो असं काहीही नाहीये. एकूण इलेक्टोरल मतं 538, बहुमताला 270, आणि तिथवर कोणीच पोचलं नाही (269-269 टायसुद्धा होऊ शकतो) तर मामला हाऊसकडे जातो, म्हणजे त्यांची लोकसभा म्हणा, आणि खरी गंमत तिथेच आहे कारण तिथे खासदारागणिक नाही तर राज्यागणिक एकच मत. कॅलिफोर्नियाचे 52 खासदार आपसात ठरवून एक मत टाकणार आणि वायोमिंगच्या एकुलत्या खासदाराचंही एकच! 50 पैकी 26 राज्यं मिळवली की झालं.

बरं हे नुसतं कागदावर नाही, घडलंय. 1824 मध्ये अँड्र्यू जॅक्सनला जनतेची मतं जास्त आणि इलेक्टोरलही जास्त, 99 विरुद्ध प्रतिस्पर्धी जॉन क्विन्सी ॲडम्सची 84, पण बहुमताला लागत होती 131. मग हाऊसने 24 पैकी 13 राज्यांच्या मतांवर चक्क ॲडम्सना निवडलं, जॅक्सन जाम भडकले आणि 1828 ला जिंकूनच आले.

आणि हो, अशा वेळी व्हाइस प्रेसिडेंट निवडतं सिनेट (त्यांची राज्यसभा म्हणा), वेगळ्या मतदानाने, त्यामुळे दोघं दोन पक्षांचे निघू शकतात.